कॅमेऱ्यासमोर निजाम, कॅमेऱ्यासमोर दुष्काळ

दरबारी फोटोत चेहऱ्याआधी खुर्चीचा प्रश्न मिटवावा लागतो. बसणार कोण, त्याच्या उजव्या हाताला कोण, मागच्या रांगेत उभं कोण राहणार, गालिच्याच्या कडेला मांडी घालून कुणाला बसवायचं, हे ठरल्याशिवाय काळ्या कापडात डोकं घालण्यात अर्थ नसतो. एक खुर्ची चुकली की रेसिडेंट साहेबांच्या कपाळाला आठी, दुसरी चुकली की एखाद्या नवाबाच्या. मानपान ठरवणारे कारभारी वेगळे असले, तरी तो सगळा मानपान एका चौकटीत मावेल असं पाहण्याचं काम फोटोग्राफरचं. त्याला स्वतःला अर्थातच खुर्ची नसते.

लाला दीनदयाळ यांनी हे काम तीस वर्षं केलं. होळकरांचा दरबार, बुंदेलखंडातले राजे, एकामागून एक आलेले व्हाइसरॉय, हैदराबादचा सहावा निजाम आणि त्याचे अमीरउमराव, मुंबईचे पैसेवाले असे सगळे त्यांच्या भिंगासमोर येऊन गेले. एकोणिसाव्या शतकातला ‘बडा माणूस’ आज आपल्या डोळ्यांसमोर जसा उभा राहतो, त्यात या एका माणसाचा मोठा हात आहे. आणि याच दीनदयाळांच्या नावावर औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, काही फोटो आहेत. त्यांतल्या माणसांना ना खुर्ची होती, ना अंगभर कपडे.

दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. जन्म १८४४चा, घराणं जैन सराफांचं. योगायोग असा की त्याच १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. गिल पुढे अजिंठ्यातच रमला, साठच्या दशकात त्यानं हाती कॅमेरा घेतला आणि अजिंठा-वेरूळचे फोटो लंडनमध्ये पुस्तकरूपानं छापून आले. म्हणजे औरंगाबादच्या परिसराला कॅमेरा नवा नव्हता. पण गिलचं मन दगडात आणि रंगात गुंतलेलं होतं. माणसाचा फोटो हा वेगळा धंदा, आणि त्याची पेठ मुंबई होती. तिथे १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा मराठी माणूस पैसे घेऊन लोकांची छायाचित्रं काढत होता. दीनदयाळ पहिले भारतीय फोटोग्राफर होते, असं हौसेनं लिहिलं जातं. ते खरं नाही, आणि त्यांच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही.

त्यांचं शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजातलं, स्थापत्याचं. १८६६च्या सुमारास ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे काढायच्या नोकरीवर रुजू झाले. कॅमेरा हाती आला १८७४मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर. महाराज तुकोजीराव होळकर आणि मध्य हिंदुस्थानातले ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली या दोघांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढच्याच हिवाळ्यात प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा त्या दौऱ्याचे फोटो काढणाऱ्यांत हे खात्यातले ड्राफ्ट्समन होते. नंतर एजंट सर लेपेल ग्रिफिनबरोबर त्यांनी बुंदेलखंड पालथा घातला. किल्ले आणि देवळं टिपता टिपता दतिया, ओरछा, रेवा अशा संस्थानांतले राजेही टिपले. ग्रिफिनचं मध्य हिंदुस्थानातल्या वास्तूंवरचं पुस्तक १८८६ साली निघालं, ते दीनदयाळांच्या फोटोंनिशी.

आराखडे काढणाऱ्याचा हात त्यांच्या फोटोंत शेवटपर्यंत दिसतो. कमान मधोमध, खांब काटकोनात, आणि माणसंसुद्धा खांबांसारखी मापून उभी केलेली. हे पाहून कुणाला त्यांचे फोटो ताठर वाटतील. काही आहेतही. पण मापात बसण्याचीच ज्यांना हौस होती त्या गिऱ्हाइकांना याहून योग्य माणूस मिळाला नसता.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं, हे एकदा नीट पाहायला हवं. दीनदयाळांनी सुरुवात केली ती ओल्या प्लेटच्या जमान्यात. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा आणि धिरड्याचं पीठ तव्यावर पसरावं तसा, काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत, तो सगळीकडे सारखा पसरवायचा. मग अंधाऱ्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, निथळवून लाकडी खोळीत सरकवायची, पळत येऊन कॅमेऱ्यात बसवायची, झाकण काढायचं, मनात सेकंद मोजायचे, झाकण लावायचं आणि पुन्हा तंबूत पळायचं. द्राव वाळायच्या आत हे सगळं उरकायला हवं. हाताशी असतात दहा-पंधरा मिनिटं, दख्खनच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. आणि या सगळ्या धावपळीत समोर महाराज बसलेले असतात. त्यांना ‘जरा थांबा’ म्हणणं शक्य नाही आणि ‘हलू नका’ म्हणणंही सोपं नाही. मानेमागे लोखंडी दांड्याचा चिमटा लावून डोकं स्थिर ठेवायची युक्ती स्टुडिओतून सर्रास वापरत. राजाच्या मानेला चिमटा लावताना हात कसा थरथरत असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी.

१८८०च्या आसपास तयार कोरड्या प्लेट बाजारात आल्या आणि हा जाच संपला. त्या आल्या नसत्या, तर दौऱ्यावर, शिकारीत, छावणीत काढलेले दीनदयाळांचे शेकडो फोटो निघालेच नसते. तरी एक अडचण उरली. त्या काळच्या प्लेटला निळा रंग भडक दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. निळं आभाळ फोटोत कोरं पांढरं यायचं. लाल मखमलीचा अंगरखा काळा पडायचा, निळं रेशीम फिकट व्हायचं. दरबारी माणूस तर नखशिखांत रंगात बुडालेला. तेव्हा कुणाच्या पोशाखाचं फोटोत काय होईल हे आधी ओळखणं, उजेड कुठून घ्यायचा ते ठरवणं आणि नंतर निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं हात फिरवणं, यात कारागिरी होती. मोठं करायची सोय फारशी नसल्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठा कॅमेरा आणि मोठी, जड, ठिसूळ काच.

असलं सामान घेऊन दीनदयाळ औरंगाबाद भागात आले. १८८०च्या दशकातले त्यांचे बिबी का मकबरा, दौलताबाद आणि वेरूळचे फोटो आज उपलब्ध आहेत. तेव्हा औरंगाबादला रेल्वे नव्हती. मुंबईच्या बाजूनं येणारे प्रवासी नांदगावला उतरत आणि तिथून टांग्यानं किंवा बैलगाडीनं वेरूळ गाठत. कैलास लेणं फोटोग्राफरची परीक्षा पाहणारं: डोंगरात वरून खाली कोरलेलं, तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेलं, तोंड पश्चिमेला. सकाळी दर्शनी भाग सावलीत, ऊन समोरून शिरतं ते दुपार कलल्यावर. आजही तिथे मोबाइल घेऊन गेलेल्यांची सकाळी निराशा होते. दीनदयाळांच्या फोटोंत दगड कुठे काळा ठिक्कर पडलेला नाही. बांधकाम खात्यात उन्हाच्या दिशा पाहून आराखडे काढणाऱ्याला हे जमलं यात नवल नाही.

१८८५ हे साल त्यांच्या आयुष्यातलं वळण. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनचे फोटोग्राफर म्हणून नेमणूक झाली आणि त्याच सुमारास हैदराबादच्या दरबाराचं दार उघडलं. सहावा निजाम मीर महबूब अली खान तेव्हा अवघा अठरा-एकोणीस वर्षांचा. आदल्याच वर्षी त्याच्या हाती राज्यकारभार आला होता. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या फोटोग्राफरपदाची सनद मिळाली आणि १८९४मध्ये निजामानं ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ असा किताब दिला. खुद्द निजामानं त्यांच्या कलेच्या कौतुकाचा एक उर्दू शेर रचल्याचं सांगतात.

महबूब अली पाशा फोटोग्राफरला हवा तसा माणूस होता. त्याला कपड्यांचा विलक्षण शौक. एकदा घातलेला पोशाख तो पुन्हा घालत नसे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो-नसो, हैदराबादच्या पुरानी हवेलीतलं त्याचं दुमजली लाकडी कपाटांचं दालन आज कुणीही जाऊन पाहू शकतं. त्यामुळे दीनदयाळांच्या फोटोंत निजाम कधी दागिन्यांनी मढलेला, कधी विलायती सुटात, तर कधी शिकाऱ्याच्या खाकी वेषात येतो. शिकारीचं वेड तर प्रसिद्धच. हैदराबादेत त्याला ‘तीसमारखाँ’ म्हणत; तीसहून जास्त वाघ मारले म्हणून, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. आपण हा शब्द फुशारकी मारणाऱ्याला लावतो, पण निजामाच्या बाबतीत मेलेले वाघ फोटोत खरोखर ओळीनं मांडलेले दिसतात. या शिकारीच्या छावण्यांत दीनदयाळ सोबत असत. तिथले फोटो दरबारातल्यांपेक्षा जिवंत वाटतात. माणसं थकलेली आहेत, बुटांना धूळ लागलेली आहे, आणि खुर्च्यांची ओळ थोडीशी वाकडी आहे.

दरबारात मात्र पडद्याची अडचण होती. अमीरउमरावांच्या घरच्या बायकांनाही फोटो हवे होते, पण परक्या पुरुषासमोर त्या येणार कशा? १८९२ साली दीनदयाळांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. तिथे पुरुषांना मज्जाव. कामकाज मिसेस केनी-लेव्हिक या युरोपियन बाईंकडे सोपवलेलं. ही धंद्यातली हुशारी तर होतीच, पण त्यात एक गंमतही आहे. स्टुडिओच्या मालकाला स्वतःच्या स्टुडिओत फोटो काढता येत नव्हता. त्याच्या नावानं निघणारे कितीतरी चेहरे त्यानं कधी समोर पाहिलेच नसतील.

त्यानंतर पेढी वाढतच गेली. ग्यानचंद आणि धर्मचंद ही मुलं हाताशी आली, पेढीचं नाव ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ झालं. १८९३च्या शिकागोच्या प्रदर्शनात फोटोंना पदक मिळालं. १८९६मध्ये मुंबईत स्टुडिओ निघाला. मुंबईचं गिऱ्हाईक निजामासारखं नव्हतं. इथे पैसे मोजणारा व्यापारी, वकील, अधिकारी स्वतः चालत यायचा आणि आपण कसं दिसायचं हे आपणच ठरवायचा. रंगवलेल्या पडद्यापुढे हात टेकवायला कोरीव तिपाई, हाती पुस्तक किंवा छडी, बाजूला कुंडी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या फोटोंतली ही मांडणी अजून घराघरांत भिंतीवर आहे. राजाच्या फोटोचा थाट दीड-दोन रुपयांची ऐपत नसलेल्यापर्यंत पोचायला आणखी काही दशकं जायची होती, पण ती वाट अशा स्टुडिओंनीच आखली.

आणि मग छप्पनचा दुष्काळ आला.

विक्रम संवत १९५६ म्हणून छप्पनचा. इसवी सनात १८९९-१९००. गुजरात-राजस्थानापासून दख्खनपर्यंत पाऊस दडी मारून बसला. औरंगाबाद जिल्ह्यात निजाम सरकारनं मदतीची कामं काढली. दुष्काळी कामं म्हणजे खडी, माती, तळी, बंधारे हे मराठवाड्यातल्या लोकांना नव्यानं सांगायला नको. या कामांचे फोटो काढले गेले, अल्बम बांधले गेले. ते व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या संग्रहात गेले आणि तिथून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पोचले. राजा दीनदयाळ यांच्या नावानं त्यांची नोंद आहे.

त्यांतल्या एका फोटोत लंगोटी नेसलेले काही तरुण जमिनीवर बसलेले आहेत. बरगड्या मोजाव्यात अशा, खांद्याची हाडं वर आलेली, गुडघे मांड्यांपेक्षा जाड. रांग नीट आहे. म्हणजे त्यांना कुणीतरी बसवलं आहे, उजेडाकडे तोंड करून, एक दुसऱ्याच्या आड येणार नाही असं. दरबारी फोटोत जी शिस्त दिसते तीच इथे आहे. अल्बममधल्या इंग्रजी मथळ्याचा अर्थ होतो ‘कृशतेचे प्रकार, औरंगाबाद’. कुणाचंही नाव नाही. निजामाच्या फोटोत पाठीमागे उभ्या असलेल्या दुय्यम सरदाराचंही नाव आणि किताब नोंदवण्याची जिथे पद्धत, तिथे ही माणसं ‘प्रकार’ झाली.

यात दीनदयाळांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं सोपं आहे, पण ते थोडं अन्यायाचं होईल. असे फोटो काढणारे ते पहिले नव्हते. १८७६ ते १८७८च्या मद्रास दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्यानं मरणासन्न माणसांचे गट बसवून फोटो काढले होते, आणि त्यांना मदत करायची सोडून फोटो कसले काढता, अशी टीका त्याच्यावर खुद्द इंग्लंडात झाली होती. औरंगाबादच्या अल्बमचा हेतू निराळा होता. सरकारनं लोकांसाठी काय केलं, ते त्यात दाखवायचं होतं. त्यामुळे उपासमार आणि मदतकार्य असं दोन्ही एकाच अल्बमात शेजारी शेजारी येतं. पहिल्याशिवाय दुसऱ्याला मोल नाही. फोटोग्राफरला सांगितलं गेलं ते त्यानं नेहमीच्या सफाईनं केलं.

सफाई हीच इथे खुपते. दरबारी फोटोत ताठपणा चालून जातो, कारण समोरच्याला तसंच दिसायचं असतं. त्यानं पैसे दिलेले असतात, फोटो आवडला नाही तर तो परत काढायला लावू शकतो. जनान्यातल्या बेगमेला नको असेल तर तिचा फोटो पडद्याबाहेर जात नसे. मुंबईच्या व्यापाऱ्याला छडी ठेवायची की पुस्तक, हे विचारलं जाई. रांगेत बसवलेल्या या तरुणांपैकी कुणाला असं काही विचारल्याची खूण फोटोत नाही. ते भिंगाकडे पाहतात, पण काही दाखवायला म्हणून नव्हे. आणि गंमत म्हणावी की काय, चेहऱ्यांच्या बाबतीत हेच फोटो दीनदयाळांच्या सगळ्या कामात सर्वांत स्पष्ट आहेत. पोशाख नाही, पगडी नाही, दागिना नाही. लपायला काही उरलेलंच नाही.

हे अल्बम ज्याच्याकडे गेले त्या कर्झनचाही एक फोटो दीनदयाळांच्या नावावर आहे आणि तो जगभर छापला गेलेला आहे. १९०२ साली हैदराबाद संस्थानात शिकारीला आल्यावर लॉर्ड आणि लेडी कर्झन यांचा काढलेला, मारलेल्या वाघासह. कर्झनचा आविर्भाव पाहून हा माणूस हसताना कसा दिसत असेल, असा प्रश्न पडतो. दुष्काळाच्या ऐन भरात याच कर्झननं मदतीवर हात सैल सोडू नका, उधळ्या परोपकारानं तिजोरी धोक्यात येईल, अशा अर्थाचा इशारा दिला होता. त्याच्या संग्रहात वेरूळची लेणी, हैदराबादचे राजवाडे आणि औरंगाबादचे उपाशी तरुण एकाच शिस्तीत जाऊन बसले. संग्रहाला त्याचं काही वाटत नाही; ते पाहणाऱ्याला वाटायचं.

१९०३च्या दिल्ली दरबाराचं कामही पेढीनं केलं. राजे, हत्ती, मंडप, तंबू. हे त्यांचं अखेरचं मोठं काम म्हणता येईल. १९०४मध्ये धर्मचंद गेला आणि १९०५च्या जुलैत खुद्द दीनदयाळ. सहावा निजाम आणखी सहा वर्षं जगला. आश्रयदाते सरले तसा पेढीचा दबदबाही ओसरला, आणि हातात मावणारे कॅमेरे आल्यावर राजेरजवाडे स्वतःच एकमेकांचे फोटो काढू लागले.

पण काचा राहिल्या. दीनदयाळांच्या कुटुंबानं त्या जपल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं त्यांच्याकडून २,८५७ निगेटिव्ह विकत घेतल्या. २००६मध्ये टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. २०१०मध्ये दिल्लीत त्या काचांवरून केलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, आणि काही वर्षांत दीपाली दिवाण आणि डेबोरा हटन या अभ्यासक बायकांनी त्यांच्यावर भरघोस ग्रंथ लिहिला. त्यातून त्यांच्या पेढीचं गणित उलगडतं. ‘दीनदयाळ’ हे एका माणसाचं नाव असलं, तरी तो कारखाना होता. प्लेट तयार करणारे, छापणारे, रंग भरणारे, हिशेब ठेवणारे कितीतरी हात त्यात राबत होते. त्या हातांचीही नावं अल्बमवर नाहीत.

औरंगाबादचे त्यांचे फोटो पाहायचे तर ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहाकडे वळावं लागतं. मकबरा, दौलताबाद आणि वेरूळ यांच्या छापील प्रती जुन्या पुस्तकांत भेटतात. दुष्काळाचे फोटो मात्र आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगणाऱ्या ठिकाणी क्वचितच लावलेले दिसतात. मिनाराचा फोटो लावायला कुणाची हरकत नसते, बरगड्यांचा फोटो लावताना हात आखडतो. वेरूळच्या वाटेवर थांबणाऱ्या हजारो पर्यटकांना लेण्यांचं जुनं रूप दाखवताना त्याच फोटोग्राफरच्या नावाची ही पानंही शेजारी मांडता येतील. मथळा मात्र नव्यानं लिहावा लागेल, कारण ‘प्रकार’ हा शब्द तिथे ठेवून चालणार नाही. आणि निजामाच्या फोटोखाली जशी मागच्या रांगेतल्या सरदारांचीही नावं देतात, तशी इथे ज्यांची नावं देता येणार नाहीत त्यांच्यासाठी निदान गावांची, कामांची आणि त्या वर्षीच्या पावसाची नोंद द्यावी. त्यासाठी जिल्ह्याच्या जुन्या महसुली दप्तरापासून सुरुवात करता येईल.